आल्बोर्नबाईंनी गाळलेला शब्द

आइनबेकमध्ये कुणाची नोकरी सुटली आणि मालकाने कामाचा दाखला हातात ठेवला, की माणूस तो घेऊन सरळ हिल्ट्रूड आल्बोर्न यांच्या स्वयंपाकघरात जायचा. बाई चष्मा नाकावर ओढून दाखला एकदा वरून खाली वाचायच्या, एकदा खालून वर वाचायच्या आणि कॉफी ओतता ओतता निकाल सांगायच्या.

"'सहकाऱ्यांत मिळून मिसळून असे', असं लिहिलंय ना? म्हणजे पितोस म्हणतायत."

"पण बाई, हे तर कौतुक आहे."

"कौतुकच आहे. म्हणून तर नोकरी मिळणार नाही."

इथला कायदाच तसा आहे. दाखला खरा असला पाहिजे, आणि जाणाऱ्या माणसाचं भलं चिंतणाराही असला पाहिजे. या दोन गोष्टी एका कागदावर मावत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण कायदा करणाऱ्यांना कोण सांगणार? मग मालकांनी आपली एक साखरेत घोळलेली भाषा काढली. 'त्याने प्रयत्न केले' म्हणजे जमलं काहीच नाही. 'वेळेवर येत असे' म्हणजे येण्यापलीकडे काही केलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे लिहायचं ते न लिहिणं. त्यावर कोर्टातही जाता येत नाही, कारण नसलेल्या शब्दाला पकडणार कसं?

आल्बोर्नबाई ही भाषा नुसती वाचत नव्हत्या, लिहीतही होत्या. डिकमान यांच्या कुलूप-किल्ल्यांच्या पेढीत त्या एकतीस वर्षं कचेरी सांभाळत होत्या, आणि तिथून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचा दाखला त्यांच्याच टाइपरायटरवर निघाला होता. सही मालकाची, शब्द बाईंचे. विश्वासाच्या शब्दांबद्दल तर त्या फार काटेकोर. कचेरीतल्या नव्या मुलींना त्या बजावायच्या, "हे तिन्ही शब्द एकाच पिशवीत टाकू नका. भरवशाचा म्हणजे आठला येतो म्हणाला तर आठला येईल. विश्वासू म्हणजे तुमच्या घरात पाहिलेलं बाहेर बोलणार नाही. आणि प्रामाणिक म्हणजे उघड्या घरातून रिकाम्या हातांनी परत येईल. भरवशाचा चोर असू शकतो. आपल्या धंद्यात तोच जास्त वाईट."

अशा बाईंच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्या कुणी एवढा विचारच केला नसता.

झालं ते असं. आदल्या ऑक्टोबरात डिकमान पेढीने बंद दारं उघडून देण्याचं काम थांबवलं. किल्ली आत राहिली, वारा आला, दार लागलं, की बोलवायचा माणूस म्हणजे ओटमार रेकॉफ. एकोणीस वर्षं त्याने आइनबेकची दारं उघडली. ते काम गेलं तशी त्याची नोकरीही गेली. चोपन्न वर्षांचा, थोडा मान वाकवून चालणारा, नाकासमोर बघणारा माणूस. आल्बोर्नबाईंनी त्याचा दाखला तीन वेळा लिहून फाडला आणि चौथ्यांदा लिहिला. असा दाखला त्यांनी आजवर कुणासाठी लिहिला नव्हता. 'सदैव', 'सर्वतोपरी', 'पूर्णतम समाधान', सगळे वरच्या फळीवरचे शब्द त्यांनी खाली काढले. भरवशाचा लिहिलं, विश्वासू लिहिलं. 'प्रामाणिक' मात्र लिहिताना हात थांबला. रेकॉफला प्रामाणिक म्हणायचं? एखाद्या पाद्र्याच्या दाखल्यात 'चोऱ्या करत नसे' असं लिहावं तसं त्यांना ते वाटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि फोल्कर डिकमानने, म्हणजे थोरल्या डिकमानांच्या मुलाने, कागद वाचून मुकाट्याने सही केली.

मे महिन्यातल्या बुधवारी बाजारात शतावरीच्या भाजीच्या ठेल्यावर त्यांना रेकॉफ भेटला. पांढऱ्या शतावरीच्या जुड्या उचलून तो त्यांची बुडं बघत होता, ताजी आहे का ते.

"काय रेकॉफ, कुठे लागलात?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

"कुठे नाही."

"अजून? सात महिने झाले की."

"अकरा ठिकाणी जाऊन आलो. बोलावतात, बसवतात, कॉफी देतात. बोलणं छान चाललेलं असतं. मग दाखला पुढे घेऊन वाचतात, आणि वाचल्यावर जरा जास्तच अदबीने बोलायला लागतात." त्याने जुडी खाली ठेवली. "गेल्या आठवड्यात एकाने तर विचारलं, आधीच्या ठिकाणी काही झालं होतं का म्हणून. मी म्हटलं, काय होणार? दारं उघडायचो."

शब्द कुठला, हे आल्बोर्नबाईंना तिथल्या तिथे कळलं. कागद बघायचीही गरज नव्हती.

"सोमवारी इस्पितळात बोलावलंय," रेकॉफ सांगत होता. "सगळ्या किल्ल्या सांभाळायचं काम आहे. औषधांच्या कपाटांपासून शवागारापर्यंत. हे नाही झालं तर मग गेर्डा म्हणते, तिच्या बहिणीकडे ब्रेमेनला जाऊ. घर विकून." गेर्डा म्हणजे त्याची बायको. "या वयात मेव्हणीच्या माडीवर राहायचं, म्हणजे बघा."

बाईंनी शतावरी घेतली नाही. कचेरीत परतून त्यांनी फाईल काढली आणि दाखल्याची प्रत वाचली. एखाद्या परक्या मालकासारखी वाचली, तसं वाचणं त्यांना चांगलं येत होतं. दारं उघडणारा माणूस. एकोणीस वर्षं. भरवशाचा. विश्वासू. आणि जिथे तो तिसरा शब्द असायला हवा तिथे थेट पुढचं वाक्य. कुणीही शहाणा वाचणारा तिथे थांबला असता आणि मनात म्हणाला असता, अच्छा, चोर आहे, पण पकडला गेलेला नाही. त्यांनी स्वतः तेच म्हटलं असतं. माणसाला मान द्यायला म्हणून शब्द गाळला आणि त्याच मानाने त्याला अकरा दारांवरून परत पाठवलं.

तरी यात काय, नवा दाखला द्यायचा, मालकाची सही घ्यायची, मोकळं व्हायचं. असं मनाशी म्हणत त्या गुरुवारी सकाळी फोल्करच्या खोलीत गेल्या.

फोल्करने ऐकून घेतलं. मग दार लावलं.

"आल्बोर्नबाई, म्हणजे तुम्ही तो शब्द चुकून गाळलात?"

"चुकून नाही. मुद्दाम. पण चांगल्यासाठी."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. "ल्युडर्स म्हातारीची ब्रोच, ती गळ्याशी टोचायची दागिन्याची पिन. पाचसहा वर्षं झाली असतील. दार लागून ती बाहेर जिन्यात अडकली होती, रेकॉफने दार उघडून दिलं. ती शेजारणीकडे फोन करायला गेली तेवढ्या वेळात हा घरात एकटा. संध्याकाळी म्हातारी बाबांकडे आली, ब्रोच नाही म्हणून. बाबांनी तिला समजावून परत पाठवलं, पोलिसांत गेलं नाही काही. बाबा म्हणाले, रेकॉफ असं करणार नाही. पण ब्रोच मिळालीही नाही."

"मला कुणी बोललं नाही."

"मला वाटलं, बाबा तुम्हाला सगळं सांगायचे. दाखल्यात शब्द नव्हता तेव्हा मी म्हटलं, बाईंनी किती बेमालूम निस्तरलंय. म्हणून तर सही केली."

थोरले डिकमान वारले त्याला तीन वर्षं झाली होती. ल्युडर्स म्हातारी वृद्धाश्रमात होती आणि आपल्या मुलीला आई म्हणून हाक मारत होती. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"आता लिहायचा का तो शब्द?" बाईंनी विचारलं.

"मी नाही लिहिणार. तो चोर आहे असं मी म्हणत नाही, हं. पण नाही असंही मला म्हणता येणार नाही, आणि उद्या इस्पितळातून औषधं गेली तर ते माझ्याकडे येतील." मग जरा नरम होऊन म्हणाला, "सहीचा अधिकार बाबांनी तुम्हालाही दिलाय. तुमची खात्री असेल तर तुम्ही करा. मी अडवणार नाही."

एकतीस वर्षांत शेकडो माणसांचं नशीब बाईंनी टाइप केलं होतं, पण खाली नाव कायम दुसऱ्याचं. खोलीतून बाहेर येताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपण आजवर फार सुखाची नोकरी केली.

त्या दिवशी दुपारी त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला आणि तसाच उतरवला. मनात पाल चुकचुकली होती आणि आता ती गप्प बसेना. एकोणीस वर्षं ओळखतो म्हणजे आपण काय ओळखतो? माणूस सकाळी सातला येतो, चिठ्ठी घेतो, जातो, परत येतो. त्याच्या हातातली हत्यारांची पेटी बघितली, पेटीत काय ते कधी बघितलं? त्याच्या बायकोच्या अंगावर ब्रोच होती का कधी? गेल्या नाताळच्या जेवणाला गेर्डाने गळ्याशी काहीतरी लावलं होतं. हिरवं होतं का? ल्युडर्सची ब्रोच कशी होती, हेही बाईंना माहीत नव्हतं, तरी त्या गेर्डाचा गळा आठवत बसल्या. शुक्रवारी सकाळी बस थांब्यावर त्यांना दुरून रेकॉफसारखा माणूस दिसला आणि त्या चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. तो रेकॉफ नव्हताच. पण आपण पलीकडे गेलो, याची त्यांना फार शरम वाटली आणि भीतीही वाटली. आपणही त्या अकरांतल्याच एक झालो की काय?

सोमवार तर पुढ्यात येऊन ठेपला होता. न लिहावं तर माणूस बुडतो. लिहावं आणि खोटं ठरावं तर आपला आजवरचा शब्द बुडतो, आणि आल्बोर्नबाईंकडे शब्दाशिवाय दुसरी पुंजी काय होती? नवरा नाही, मूल नाही. गावात किंमत होती ती एवढ्याचसाठी, की बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच. जेवण जाईना. शेजारच्या कुंझेबाई म्हणाल्या, "हिल्ट्रूड, डॉक्टरकडे जा, चेहरा पिठासारखा झालाय." डॉक्टर यावर काय देणार होता?

शनिवारी सकाळी त्या कुलूप काढून रिकाम्या कचेरीत जाऊन बसल्या. यावेळी त्यांनी वेगळीच गोष्ट केली. कोरा कागद घेतला आणि ठरवलं, रेकॉफविरुद्ध जे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय ते लिहायचं. ऐकलेलं नाही, आठवून आठवून रंगवलेलं नाही. फक्त पाहिलेलं. त्या बराच वेळ पेन धरून बसल्या. एकदा तो कचेरीच्या मांजरावर ओरडला होता, ते लिहिलं आणि खोडलं. एकदा ओल्या बुटांनी आत आला होता. ते लिहिलंसुद्धा नाही. कागद कोरा राहिला. याने काही सिद्ध होत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण त्या दोन दिवसांत जो रेकॉफ त्यांच्या मनात फिरत होता त्याला जन्म फोल्करच्या तोंडून मिळाला होता आणि खाऊपिऊ त्यांनी स्वतः घातलं होतं, हेही त्यांना कळलं. त्यांनी दाखला टाइप केला. 'सदैव भरवशाचे, विश्वासू आणि प्रामाणिक.' दुरुस्त दाखल्यावर जुनीच तारीख घालायची असा रिवाज आहे, म्हणजे भांडण झालं होतं असं कुणाला वाटू नये. तशी ऑक्टोबरची तारीख घातली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. आल्बोर्नमधला 'ल' जरा वाकडा आला.

रेकॉफकडे दार गेर्डाने उघडलं. बाईंची नजर आधी तिच्या गळ्याकडे गेली. तिथे काही नव्हतं, आणि बाईंना पुन्हा लाज वाटली. रेकॉफने कागद खिडकीजवळ नेऊन वाचला.

"यात नवीन काय आहे?"

"तिसऱ्या ओळीत. प्रामाणिक."

"आधी नव्हतं?"

"नव्हतं. माझी चूक. त्या एका शब्दावाचून ते तुम्हाला परत पाठवत होते."

रेकॉफला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो खुर्चीत बसला. "हे लिहावं लागतं?" तो म्हणाला. "मी म्हणत होतो, माझं वय झालं म्हणून घेत नसतील."

गेर्डा मात्र भडकली. "सात महिने आल्बोर्नबाई! सात महिने हा रोज सकाळी दाढी करून बसतो."

"असू दे गेर्डा, त्या स्वतःहून आल्या ना," रेकॉफ म्हणाला आणि बाईंसाठी खुर्ची पुढे केली. त्याने कॉफी करायला लावली, आंबट रुबार्बचा केक कापायला लावला. बाईंनी शब्दाचं सांगितलं, पण ब्रोचचं सांगितलं नाही आणि त्या दोन दिवसांचंही सांगितलं नाही. केक तसाच ठेवून त्या उठल्या.

सोमवारी पावणेबारा वाजता कचेरीत फोन वाजला. इस्पितळाच्या कारभार विभागातल्या सीव्हर्सबाई होत्या.

"माझ्यासमोर रेकॉफ यांचे दोन दाखले आहेत," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "एक त्यांनी मार्चमध्ये अर्जासोबत पाठवलेला. एक आज घेऊन आलेत. तारीख एकच. एकात ते प्रामाणिक आहेत, एकात नाहीत. सह्या वेगळ्या. मी कुठला खरा मानू?"

जुना दाखला आधीच तिथे पोचला असणार, ही साधी गोष्ट आल्बोर्नबाईंच्या डोक्यात आली नव्हती. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर बाईंनी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं नसतं. आता तर हे उघड उघड असं दिसत होतं, की माणसाने मालकाचा दाखला नाकारला आणि कचेरीतल्या ओळखीच्या बाईकडून गोड दाखला मिळवला.

"रेकॉफ कुठे आहेत?"

"बाहेर बाकावर बसलेत. बाई, मी भाषेचं विचारत नाही. दाखल्यांची भाषा मलाही येते. चारशे खाटांच्या इस्पितळाच्या किल्ल्या देणार आहे मी त्यांना. तुम्ही मला साधं सांगा."

साधं कसं सांगायचं, हे आल्बोर्नबाईंना क्षणभर सुचेना. इतकी वर्षं वाक्यं वरच्या फळीवर तयार असत. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सगळंच सांगितलं. शब्द मानापोटी गाळला ते. मालकाने सही का केली ते. ब्रोच, म्हातारी, शोध न लागणं. "आणि ऐकल्यावर दोन दिवस मीही संशय घेतला," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोच्या अंगावर ब्रोच शोधली. मग माझ्याकडे त्यांच्याविरुद्ध काय आहे ते लिहायला बसले, तर एक ओळ लिहिता आली नाही. ब्रोच कुणी घेतली मला माहीत नाही. यांनी घेतली असं मला वाटत नाही. माझं नाव मी त्याखाली घातलंय, आणि आजवर मी माझं नाव कशाखालीही घातलं नव्हतं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुम्ही संशय घेतलाच नाही असं म्हणाला असतात," सीव्हर्सबाई म्हणाल्या, "तर मी त्यांना घरी पाठवलं असतं. धन्यवाद, आल्बोर्नबाई."

फोन ठेवल्यावर बाईंनी उठून तोंड धुतलं. दुपारी गेर्डाचा निरोप आला की काम लागलं, एक तारखेपासून. त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा आल्बोर्नबाई पोटभर जेवल्या.

बुधवारी त्या बाजारात गेल्या तेव्हा रेकॉफ ठेल्यावर होता. त्याच्या हातात शतावरीची जाड जुडी होती. बाई हसत पुढे गेल्या.

"अभिनंदन, रेकॉफ."

"सीव्हर्सबाईंनी सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "माझ्या किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवला आणि सांगितलं. तुमचं फार कौतुक केलं. म्हणाल्या, इतकी खरं बोलणारी बाई बघितली नाही."

"मी तुम्हाला शनिवारीच सांगायला हवं होतं."

"दोन दिवस संशय घेतलात?"

बाईंनी मान डोलावली. "दोन दिवस."

रेकॉफने जुडी ठेलेवालीपुढे धरली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "ते अकराजण मला ओळखत नव्हते, आल्बोर्नबाई. त्यांना तरी काय माहीत," तो म्हणाला.

ठेलेवालीने त्याची जुडी कागदात गुंडाळून दिली. तो बाजूला झाला आणि बाईंना पुढे जायला वाट करून दिली. पुढे तो इस्पितळात निवृत्त होईपर्यंत राहिला, आणि गावात बाई दिसल्या की कधी तोंड फिरवलं नाही. टोपीला हात लावून, किंचित वाकून नमस्कार करायचा, दार उघडून दिल्यावर गिऱ्हाइकाला करायचा तसा.